थंडीत तंबूत झोपायचंय? मग रात्री काय, किती आणि कधी खायचं

डिसेंबरात गडावर मुक्काम करून आलेल्या माणसाला विचारा, झोप लागली का? ठरलेलं उत्तर येतं : ‘बारापर्यंत मस्त, मग उजाडेपर्यंत नुसती हुडहुडी.’ दोष लगेच स्लीपिंग बॅगेवर जातो. बॅग हलकी असेलही, पण आदल्या दिवशी पोटात काय गेलं होतं तेही विचारून बघा. दुपारी बिस्किटाचा पुडा, संध्याकाळी चहा, पुन्हा चहा, आणि रात्री ‘फारशी भूक नाही’ म्हणून अर्धी भाकरी. दिवसभर चढून आलेलं शरीर एवढ्यावर पहाटेपर्यंत ऊब कुठून आणणार?

‘झोपायच्या आधी काहीतरी खा, म्हणजे थंडी वाजत नाही’ हा सल्ला ट्रेकच्या प्रत्येक ग्रुपमध्ये मिळतो. सल्ला खरा आहे, पण अर्धाच. झोपतानाचा घास शेवटची भर घालतो. खरी मदार असते दुपारपासून झोपेपर्यंतच्या क्रमावर. तो क्रम इथे सांगतोय. उदाहरणं दोन ठिकाणची : आपला हरिश्चंद्रगड आणि मराठी ट्रेकर हिवाळ्यात हमखास जातात तो उत्तराखंडातला केदारकंठा.

आधी हिशेब समजून घ्या

स्लीपिंग बॅग, गोधडी, रग यांतलं काहीही उष्णता तयार करत नाही. थर्मासमध्ये गार चहा ओतला तर तो गारच राहतो, तसंच हे आहे. ऊब तयार करतं ते शरीर. साठ-सत्तर किलोचा माणूस झोपेत ताशी साधारण 60 ते 65 किलोकॅलरी जाळतो आणि ती जवळजवळ सगळी उष्णता म्हणून बाहेर पडते. बॅगेचं काम ती अडवून धरणं, बस.

खाण्यामुळे यात दोन गोष्टी होतात. अन्न पचवायलाही शरीराला काम करावं लागतं आणि त्यातून थोडी जास्तीची उष्णता निघते. प्रथिनांच्या बाबतीत खाल्लेल्या ऊर्जेच्या 20 ते 30 टक्के, पिठूळ आणि गोड पदार्थांत 5 ते 10 टक्के, तेला-तुपात जेमतेम 0 ते 3 टक्के ऊर्जा अशी पचनातच खर्च होते. मिश्र जेवणात सरासरी दहा टक्के धरा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. थंडीत शरीर कुडकुडायला लागतं ते ऊब वाढवण्यासाठी, आणि कुडकुडण्याला लागतं इंधन. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर हे त्यातलं मोठं इंधन. यकृतात ती सुमारे 100 ग्रॅम असते, स्नायूंत त्याच्या तीन-चार पट. दिवसभराच्या चढाईत हा साठा बराच उतरतो. तो संध्याकाळी भरला नाही, तर पहाटे शरीराची ऊब वाढवण्याची ताकदच कमी पडते.

आता झोपतानाच्या घासाचा प्रामाणिक हिशेब. समजा दोन लाडू खाल्ले, मिळून 230 किलोकॅलरीचे. पचनाची उष्णता त्यातली दहा टक्के, म्हणजे 23 किलोकॅलरी, तीही तीन-चार तासांत विभागलेली. एरवी तुम्ही जेवढी उष्णता तयार करता त्यात ही दहा टक्क्यांच्या आसपास भर. बॅग जेमतेम पुरेशी असेल तर तेवढ्यानेही रात्र निभावते. बॅगच अपुरी असेल तर लाडवांचा अख्खा डबा संपवूनही कुडकुडालच. तेव्हा खाण्याच्या भरवशावर कॅरीमॅट (अंगाखाली अंथरायची फोमची चटई) घरी ठेवू नका. गार कातळ पाठीतून जेवढी ऊब ओढून घेतो, तेवढी कुठलाही डिंकाचा लाडू परत देऊ शकत नाही.

दुपार : इथूनच सुरुवात

पायथ्याच्या पाचनई गावातून हरिश्चंद्रगड चढताना दर तास-दीड तासाने तोंडात काहीतरी टाका. गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की, केळं, काहीही. आपल्याकडे तहानलाडू-भूकलाडू बांधून देत ते उगाच नाही. सलग चार तास उपाशी चढायचं आणि वर गेल्यावर ताव मारायचा हा बेत रात्री महागात पडतो, कारण दमलेल्या माणसाची भूक मरते. नळीच्या वाटेने, म्हणजे गडाच्या अवघड, खड्या वाटेने येणाऱ्यांना हे दुप्पट लागू.

पाणीही दिवसाच पिऊन घ्या. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक दिवसभर कोरडे राहतात आणि रात्री नऊला लिटरभर पाणी ढोसतात. मग एकला उठणं आलं, चेन उघडणं आलं आणि मोठ्या कष्टाने जमवलेली ऊब बाहेर सोडणं आलं.

मुक्कामी पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं

घामाने भिजलेला बनियन तसाच अंगात ठेवून कोकणकड्यावर सूर्यास्त बघायला जाऊ नका. सह्याद्रीत पारा सहसा शून्याखाली जात नाही, पण कड्यावरचा वारा ओल्या अंगातून ऊब काढून घेतो. आधी कोरडे कपडे, कानटोपी, मोजे. मग गरम काहीतरी : टोमॅटोचं सार, सूप किंवा गुळाचा चहा, आणि त्याबरोबर मूठभर चिवडा किंवा थालीपिठाचा तुकडा. अंग गरम असतानाच हे उरका. एकदा काकडलात की पुन्हा गरम व्हायला फार वेळ लागतो, आणि त्यात जळतं ते रात्रीसाठी राखलेलं इंधन.

रात्रीचं जेवण

झोपायच्या दोन-अडीच तास आधी जेवा. साडेनऊला आडवं व्हायचं तर सातला ताट वाढलेलं हवं. जेवण आटोपून लगेच स्लीपिंग बॅगेत शिरलं, की पाय वर, पोट भरलेलं आणि छातीत जळजळ. उतारावर टेन्ट लागला असेल आणि डोकं खालच्या बाजूला गेलं असेल तर विचारूच नका.

ताटात तीन गोष्टी बघायच्या. भाकरी, भात किंवा पोळी भरपूर, कारण साखरेचा साठा यातूनच भरतो. डाळ, उसळ, अंडी, पनीर किंवा सुकट यांपैकी काहीतरी, कारण पचताना सगळ्यात जास्त उष्णता प्रथिनं देतात. आणि वरून तेल-तूप. तुपातून पचनाची उष्णता फारशी मिळत नाही हे वर आलंच आहे, पण एका ग्रॅमला 9 किलोकॅलरी मिळतात (पिठात आणि डाळीत साधारण साडेतीन) आणि ते पोटात रेंगाळतं. रात्री दोनला भुकेने जाग येऊ नये हे त्याचं काम.

गडावर गावकऱ्यांकडे जेवत असाल तर पिठलं-भाकरी मिळेल. झकास जेवण आहे, बेसनामुळे प्रथिनंही येतात. फक्त आपल्याजवळ शेंगदाण्याची चटणी आणि छोट्या डबीत तूप असू द्या. भाकरी तव्यावरून थेट ताटात आली की फोडून तिच्या पापुद्र्याखाली चमचाभर तूप सोडायचं आणि वर गुळाचा खडा कुस्करायचा. एवढ्याने शे-दीडशे किलोकॅलरीची भर पडते. स्वतः शिजवणार असाल तर मुगाच्या डाळीची खिचडी करा. एकाच भांड्यात होते, गॅस कमी लागतो, आणि तूप ओतायला हात आखडता घ्यावा लागत नाही. घाटावरचे हुलग्याचे शेंगोळेही अशा रात्रीसाठीच जन्माला आलेत, पण ते वळत बसायला उत्साही माणूस बरोबर हवा.

बाजरी, तीळ, गूळ हे ‘उष्ण’ म्हणून हिवाळ्यात खायचे. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते ती त्यातलीच. या उष्णपणाचं माप थर्मामीटरवर दाखवता येईल असं मी म्हणणार नाही. पण बाजरी सावकाश पचते, तिळात निम्मं तेलच असतं आणि गूळ लगेच कामाला लागतो, म्हणजे पदार्थ थंडीला योग्य आहेत यात वाद नाही. ठेच्याची गोष्ट मात्र उलटी. तिखटाने अंग गरम झाल्यासारखं वाटतं, कपाळावर घाम येतो, आणि घाम म्हणजे ऊब बाहेर जाणं. शिवाय रात्रभर ॲसिडिटी. ठेचा दुपारच्या भाकरीबरोबर खा.

उसळीबद्दल एक सूचना तंबूतल्या शेजाऱ्याच्या वतीने : मटकी-वाटाणा-हरभरा प्रमाणात.

केदारकंठ्यावर गणित थोडं बदलतं

पायथ्याच्या सांक्री गावाहून वर गेलात की मुक्काम बर्फात असतात, शिखर 3810 मीटरवर आहे, आणि जानेवारीत रात्री पारा उणे दहाच्या आसपास जाऊ शकतो. इथे पहिला शत्रू भूक न लागणं. उंचीवर विरळ हवेमुळे भूक मंदावते आणि तेलकट बघूनच मळमळतं. अशा वेळी तुपाचा हट्ट सोडा. भात, बटाटा, शेवया, सूप, शिरा असं मऊ आणि पिठूळ खा, थोडं-थोडं, पण दोनदा. ऑक्सिजन कमी असताना असे पदार्थ वापरणं शरीरालाही सोपं जातं. स्वयंपाक्याने वाढलेलं ताट टेन्टमध्ये नेऊन गप्पा मारत खाल्लंत तर डाळ तिसऱ्या घासाला गार होते, म्हणून मेस टेन्टमध्येच (जेवणाच्या तंबूत) उभ्या-उभ्या संपवा.

स्वतः शिजवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, म्हणजे तिथे पाणी 88-90 अंशांना उकळतं आणि डाळ कुकरशिवाय शिजत नाही. आणि नुसता ब्यूटेन असलेला स्वस्त गॅस कॅनिस्टर शून्याच्या आसपास मान टाकतो, कारण ब्यूटेनचा उत्कलनबिंदूच उणे अर्धा अंश आहे. प्रोपेन मिसळलेला कॅनिस्टर घ्या आणि वापरायच्या आधी अर्धा तास जॅकेटच्या आत ठेवा.

डोकं ठणकतंय, उलटी होतेय, पावलं लडखडतायत अशी स्थिती असेल तर खाण्याचा आग्रह थांबवा आणि ट्रेक लीडरला सांगा. तो थंडीचा प्रश्न नाही, उंचीचा आहे, आणि त्याचं औषध खाली उतरणं.

झोपतानाचा घास

आता मुख्य मुद्दा. झोपायच्या वीस-तीस मिनिटं आधी, 200 ते 250 किलोकॅलरी. त्याहून जास्त नको. त्यात थोडं गोड, थोडं तेलकट आणि थोडी प्रथिनं हवीत. हे सगळं एका जागी देणारा पदार्थ आपल्या प्रत्येक किराणा दुकानात आहे : शेंगदाणे आणि गूळ. 30 ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे लहानशी मूठ, 170 किलोकॅलरी. 20 ग्रॅम गूळ, 75. झालं काम.

पण एक अडचण गडावर गेल्यावरच कळते. गारठ्यात गुळाची ढेप दगड होते, आणि हातमोजे घातलेल्या हातांनी ती फुटत नाही. पाकातली चिक्की तर उणे तापमानात दाताची परीक्षा घेते. डिंकाच्या लाडवातलं साजूक तूप थिजलं की तोही तसाच. म्हणून मी शेंगदाण्याच्या कुटाचे लाडू सुचवतो, कारण शेंगदाण्याचं तेल तुपाइतकं घट्ट होत नाही.

कृती : 200 ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून सालं काढा. 50 ग्रॅम सुकं खोबरं किसून वेगळं भाजा. शेंगदाण्याचा जाडसर कूट करा, त्यातच 150 ग्रॅम मऊ, चिकीचा नसलेला गूळ आणि चमचाभर सुंठ घालून मिक्सर थांबत-थांबत फिरवा. तेल सुटायला लागलं की मिश्रण हाताला ओलसर लागतं, तिथेच थांबा. खोबरं मिसळा आणि लिंबाहून लहान वीस लाडू वळा. पाक करायचा नाही. एक लाडू साधारण 100 किलोकॅलरीचा होतो, रात्रीला दोन. जास्त थंडीच्या ठिकाणी झोपायच्या तासभर आधी दोन लाडू जॅकेटच्या आतल्या खिशात टाका, म्हणजे चावता येतात. सुंठीमुळे घशाला बरं वाटतं, ऊब मात्र शेंगदाण्याची.

लाडू नको असेल तर सातूचं पीठ गरम दुधात किंवा पाण्यात गूळ घालून. उकडलेलं अंडं आणि पोळीचा तुकडा. चीजची वडी आणि खजूर. राजगिऱ्याचा लाडू कुस्करून आणि दाण्याचं कूट घालून दूध, हे लहान मुलांना आवडतं. मुलं लवकर गारठतात आणि सांगत नाहीत, त्यांना मोठ्यांच्या आधी खायला घालून आत सरकवा.

गरम चहाबद्दल बराच गैरसमज आहे. पाव लिटर साठ अंशांचा चहा पोटात गेला, तर त्याच्या गरमपणातून शरीराला मिळतात जेमतेम सहा किलोकॅलरी. त्यात घातलेल्या दोन चमचे साखरेतून मिळतात चाळीस. म्हणजे ऊब येते ती चहापेक्षा साखरेमुळे. वर चहातलं कॅफीन झोप उडवतं. रात्री गरम हवंच असेल तर अर्धा कप गुळाचं पाणी किंवा हळद-दूध.

आणि दारू. ‘दोन घोट घेतले की थंडी पळते’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कातडी गरम होते म्हणून बरं वाटतं, पण आतली ऊब वेगाने बाहेर पडते. कुडकुडणंही मंदावतं, म्हणजे शरीराची सावरण्याची सोयच बंद. शिवाय लघवी वाढते. थंडीत उघड्यावर ही चैन नको, आणि गड-किल्ल्यांवर तर नकोच नको.

बॅगेत शिरताना

खाल्ल्यावर चूळ भरा, लघवीला जाऊन या. लघवी धरून ठेवल्याने शरीराची ऊब फुकट जाते असं सांगतात, ते तितकंसं खरं नाही, कारण लघवी आधीच शरीराइतकी गरम असते. पण तुंबलेलं पोट झोपू देत नाही, म्हणून जायचंच.

परत येताना पाच मिनिटं भराभर चाला, बैठका मारा, घाम येण्याआधी थांबा. गारठलेल्या अंगाने बॅगेत शिरलात तर बॅग तो गारठाच जपून ठेवते.

अजून एक युक्ती, आणि ही खाण्याहून जास्त उपयोगी आहे. घट्ट झाकणाच्या लिटरभराच्या बाटलीत नव्वद अंशांचं पाणी भरा, लोकरी मोज्यात घाला आणि मांड्यांमध्ये किंवा पोटाशी घ्या. ते पाणी पस्तीस अंशांपर्यंत निवताना 55 किलोकॅलरी देतं, म्हणजे तुमच्या शरीराच्या जवळजवळ तासाभराच्या उष्णतेइतकी. बाटली उलटी करून गळत नाही ना, हे आधी बघा. सकाळी तेच पाणी प्यायला होतं.

पहाटे तीन-चारला जाग आली तर

ही वेळ अवघड असते. शरीराचं आतलं तापमान रात्रीच्या उत्तरार्धात सगळ्यात खाली असतं, जेवणाची उष्णता ओसरलेली असते आणि बाहेरचा पारा तर सूर्योदयाच्या आसपास तळ गाठतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं ते अशाच निरभ्र पहाटे. म्हणून दोन लाडू हाताशी ठेवायचे. जाग आली की उठून बसा, सावकाश चावून खा, दोन घोट पाणी प्या, कानटोपी नीट ओढा आणि बॅगेतच हातपाय ताणून-आवळून घ्या. आडवं पडून अंधारात शेंगदाणे चघळू नका, ठसका लागतो. वीस मिनिटांत बरं वाटायला हवं.

बरं वाटत नसेल तर शेजाऱ्याला उठवा. थरथर थांबत नाही, बोलणं जडावलंय, माणूस भलतंच बोलतोय, ही हायपोथर्मियाची, म्हणजे शरीर धोक्याइतकं गार पडल्याची लक्षणं आहेत. कुडकुडणं थांबलं पण अंग गारच असेल तर प्रकरण आणखी गंभीर. ओले कपडे काढून कोरडे घाला, खालून-वरून पांघरूण द्या, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच कोमट गोड पाणी पाजा आणि मदत बोलवा. हातपाय चोळू नका. तंबू बंद करून आत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवायची नाही, कधीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खाऊ ठेवायचा कुठे

गडावरच्या गुहांत उंदीर असतात आणि पिशवी कुरतडायला त्यांना पाच मिनिटं पुरतात. सकाळी माकडं. लाडू घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. हिमालयात अस्वलांचा वावर असलेल्या भागात झोपायच्या तंबूत खाणं ठेवूच नका, गाइड सांगेल तिथे द्या, आणि पहाटेच्या घासाबद्दलही त्यालाच विचारा. वेष्टनं सॅकमध्ये परत आणा.

कोणी जपून

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा बेत निघण्याआधी डॉक्टरांना दाखवावा. दिवसभराच्या श्रमानंतर साखर रात्री अचानक उतरू शकते, आणि उतरलेली साखर कुडकुडण्याची ताकदही घटवते. ग्लुकोमीटर स्लीपिंग बॅगेत, अंगाशी ठेवा, गारठल्यावर तो चालत नाही. ॲसिडिटीवाल्यांनी झोपतानाचा घास तासभर आधी घ्यावा, तळलेलं टाळावं, आणि डोक्याकडची बाजू सॅकने उंच करावी.

दोन रात्रींच्या मुक्कामाला एका माणसाचं सामान : कुटाचे लाडू आठ (दर मुक्कामाला दोन झोपताना, दोन पहाटेसाठी), तूप 60 ग्रॅम, मऊ गूळ घरीच फोडून 100 ग्रॅम, शेंगदाण्याची चटणी, सातूचं पीठ 100 ग्रॅम, खजूर दहा-बारा. लाडू उरले तर उतरताना पाचनईच्या वाटेवर संपतातच.